आधी आकडा, मग आख्यायिका: दुर्मिळ आडनावाचा माग काढण्याची कृती

लग्नाच्या पंगतीत एखादं न ऐकलेलं आडनाव कानावर पडलं, की शेजारचा म्हातारा हमखास विचारतो, "कोन्त्या गावचे जी तुम्ही?" प्रश्न साधा वाटला तरी शोधाची पद्धत त्यातच आहे. म्हातारा अर्थ विचारत नाही, पराक्रम विचारत नाही, गाव विचारतो. आपण मात्र उत्तर देताना गाव सोडून गोष्ट सांगतो: "आमचे पूर्वज राजस्थानातून आले", "लखुजीराजांबरोबर सिंदखेडला आलो", "मूळ आडनाव दुसरंच होतं, एका पराक्रमामुळे हे पडलं". यातली एखादी गोष्ट खरीही असेल. पण ती तपासायची तर आधी हे आडनाव कुठे, किती आणि कधीपासून आहे, हे हाताशी हवं.

इंग्लंडमध्ये दुर्मिळ आडनावांचा शोध याच वाटेने पुढे गेला. हेन्री ब्रुअम गप्पी या निसर्गअभ्यासकाने १८९० साली ब्रिटनमधल्या आडनावांची घरं शोधणारं पुस्तक काढलं. त्याने व्यापारी-व्यावसायिकांच्या छापील सूच्या घेतल्या आणि त्यांतले फक्त शेतकरी मोजले. कारण सरळ होतं: नोकरदार आणि व्यापारी गाव सोडतात, शेतकरी जमिनीला धरून राहतो. दर दहा हजार शेतकऱ्यांमागे एखादं आडनाव किती, हे त्याने परगण्यागणिक काढलं आणि एकाच परगण्यात अडकून राहिलेली आडनावं वेगळी केली. पुढे तिथल्या १८८१ च्या शिरगणतीतलं प्रत्येक नाव संगणकावर उतरवलं गेलं. २०१६ साली ऑक्सफर्डने ब्रिटन-आयर्लंडच्या ४५ हजारांहून अधिक आडनावांचा कोश काढला, तेव्हा त्याला या मोजणीचा मोठा आधार होता.

आपल्या जनगणनेत आडनावांचा तक्ता छापत नाहीत. त्यामुळे "महाराष्ट्रात हे आडनाव अमुक हजार लोकांचं आहे" असं कुणी छातीठोक सांगितलं, तर तो आकडा कुठून आला हे आधी विचारावं. पण गप्पीला मिळालं नव्हतं असं एक साधन आपल्याकडे आहे: सातबारा. बुलढाण्यासारख्या शेतीच्या जिल्ह्यात तेच पहिलं हत्यार. पुढची कृती या जिल्ह्याला समोर ठेवून लिहिली आहे. तालुक्यांची नावं बदलली तर वऱ्हाडात इतरत्रही ती चालेल.

हाताशी काय हवं

एक जाड वही. जिल्ह्याचा तालुकावार नकाशा, ज्यावर पेन्सिलीने खुणा करता येतील. इंटरनेट असलेला मोबाईल किंवा संगणक. २०११ च्या जनगणनेची बुलढाणा जिल्हा पुस्तिका, कारण तिच्यात जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या गावांची यादी आहे. घरातला सर्वांत जुना कागद: खरेदीखत, शाळेची टी.सी., जुना सातबारा, काहीही. आणि घरातलं सर्वांत जुनं माणूस. त्याच्याकडे मात्र सगळ्यात आधी जा. कागद थांबतात, माणूस थांबेलच असं नाही.

पायरी १: आडनावाची सगळी रूपं लिहून काढा

वहीच्या पहिल्या पानावर आडनाव जितक्या तऱ्हांनी लिहिलं गेलं असू शकतं तितक्या तऱ्हांनी लिहा. ही पायरी गाळली तर पुढची मोजणी अर्धीच होते.

वऱ्हाडी बोलीत 'ण' चा 'न' होतो, आणि घाटाखालच्या, म्हणजे पूर्णेच्या पट्ट्यात 'ळ' चा 'य' होतो. सांगणाऱ्याने एक उच्चारलं आणि बाहेरून आलेल्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं, असं पिढ्यान्‌पिढ्या घडलं आहे. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, तेव्हा मोडी कागदावरून बाळबोधात उतरवताना वेलांटी-उकार बदलतात. इंग्रजी नोंदीत तर 'ड', 'द', 'ट', 'त' यांची सरमिसळ ठरलेली.

उदाहरण म्हणून वानखडे आणि वानखेडे ही दोन रूपं घ्या. एकाच भावकीतल्या दोन भावांच्या शाळेच्या दाखल्यांत दोन रूपं असू शकतात. मुंबईच्या स्टेडियममुळे त्यातलं 'वानखेडे' देशभर पोचलं आणि अनेकांना तेच एकमेव बरोबर रूप वाटू लागलं. शोध घेणाऱ्याने बरोबर-चूक ठरवू नये. दोन्ही रूपं यादीत घ्यावीत.

पायरी २: आडनाव कोणत्या गटात बसतं ते ठरवा

मराठी आडनावांचे ढोबळ पाच गट पडतात, आणि आपलं कोणत्या गटातलं यावर पुढची सगळी मेहनत अवलंबून आहे.

गावावरून पडलेली: यात 'कर' लागलेली तर आहेतच, पण विदर्भात गावाच्या नावाला नुसता 'ए' लागूनही आडनाव होतं. मलकापुरे, रायपुरे ही त्या घडणीची. दुर्मिळ आडनावांत हा गट सर्वांत मोठा आणि सर्वांत शोधण्याजोगा.

वतनावरून किंवा हुद्द्यावरून पडलेली: देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, चौधरी. ही आडनावं झाकण असतात, खाली दुसरं आडनाव दडलेलं असतं. कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या घराण्याचं मूळ आडनाव कदम. वऱ्हाडात देशमुख मराठा आहेत, ब्राह्मण आहेत, मुसलमानही आहेत. हुद्दा एक होता, कुळं अनेक.

धंद्यावरून पडलेली: सुतार, लोहार, सोनार अशी. ही गावोगाव स्वतंत्रपणे पडतात, म्हणून त्यांना एक उगम शोधण्यात अर्थ नाही.

टोपणनावावरून पडलेली: रंग, चण, सवय, पशुपक्षी, एखादा प्रसंग. यातली काही अगदी एकाच घरापुरती असतात. खरं दुर्मिळ आडनाव बहुधा इथे किंवा पहिल्या गटात सापडतं.

कुळाची: जाधव, मोरे, शिंदे, पवार. इथे मोठा सापळा आहे. लोणार-मेहकरकडच्या बंजारा तांड्यांवर राठोड आणि आडे यांच्याबरोबर पवार, चव्हाण, जाधव ही आडनावंही आहेत, आणि सिंदखेड राजाचे जाधव वेगळे. अक्षरं तीच, वंश वेगळे. आडनाव एक म्हणून उगम एक, असं मानू नका.

जिल्ह्याच्या राजकारणातली बोंद्रे, शिंगणे, कुटे, एकडे, फुंडकर, रायमुलकर ही आडनावं बुलढाण्यात ओळखीची असली, तरी कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसाला सवयीची नाहीत. अशी आडनावं या कृतीला सगळ्यात जास्त दाद देतात. उलट जाधव किंवा पवार आडनावाच्या माणसाने आधी आपली शाखा आणि जुनं गाव पक्कं करावं, मगच मोजायला बसावं.

पायरी ३: सातबाऱ्यावर आडनाव मोजा

भूमी अभिलेख विभागाच्या महाभूलेख संकेतस्थळावर अमरावती विभाग निवडा, मग बुलढाणा जिल्हा, तालुका, गाव. सातबारा पाहण्यासाठी गट नंबर टाकता येतो. तसंच पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव किंवा संपूर्ण नाव टाकूनही शोधता येतं. 'आडनाव' हा पर्याय निवडा, पहिल्या पायरीतलं एकेक रूप टाका आणि येणारी नावांची यादी वहीत उतरवा.

जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. सगळी गावं एका दमात होणार नाहीत. आधी आपल्या माहितीच्या गावापासून सुरुवात करा, मग त्याला लागून असलेली गावं घ्या, मग तालुक्याची उरलेली. शेजारच्या गावांच्या एका पूर्ण वेढ्यात आडनाव सापडेनासं झालं, की त्या दिशेला तात्पुरतं थांबा.

मोजताना तीन गोष्टी सांभाळा. एकाच माणसाचं नाव अनेक गटांवर असतं, म्हणून नावं मोजा, गट नाही; आठ-अ चा उतारा खात्याप्रमाणे असल्याने तो ताळ्याला चांगला. वारसाचा फेरफार झालेला नसला तर मयताचं नाव तसंच राहतं, आणि फेरफार झाला तर जुन्या नावाला कंस होतो; कंस झालेली नावं वेगळ्या रकान्यात ठेवा, ती पुढे वंशावळीला कामी येतील. आणि नुसते 'पाटील' म्हणून चढलेले खातेदार नजरेआड करू नका. त्यांत तुमचेच भाऊबंद असू शकतात. गावातल्या जाणत्या माणसाला विचारून त्यांच्यापुढे मूळ आडनाव लिहा.

आता प्रमाण काढा. गावातल्या एकूण खातेदारांचा आकडा तलाठ्याकडे मिळेल, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. समजा, एका गावात ४०० खातेदारांत आपल्या आडनावाचे २४ आहेत: ६ टक्के. दुसऱ्या मोठ्या गावात ६,००० खातेदारांत ३० आहेत: अर्धा टक्का. नुसता आकडा पाहिला तर दुसरं गाव मोठं वाटतं, पण मुळाचा संशय पहिल्या गावावर घ्यायचा. गप्पीचं सगळं गणित एवढंच होतं.

पायरी ४: मतदार यादीने उरलेली माणसं पकडा

सातबारा भूमिहीनांना ओळखत नाही. शेतमजूर, कारागीर, गाव सोडून खामगाव-मलकापूरला गेलेले, कधीच जमीन न लाभलेले असे सगळे त्यातून सुटतात. एखादं आडनाव मुख्यतः भूमिहीन समाजातलं असेल, तर तिसऱ्या पायरीचा आकडा साफ फसवा ठरतो. म्हणून मतदार यादी हवीच.

जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत: मलकापूर, बुलढाणा, चिखली, सिंदखेड राजा, मेहकर, खामगाव आणि जळगाव जामोद. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर यादी भागाभागाने उतरवून घेता येते. मलकापूर लोकसभेला रावेरमध्ये मोडतं, बाकीचे सहा बुलढाण्यात. लोकसभेनुसार शोधाल तर मलकापूर हातचं सुटेल. याद्यांची पानं बहुधा चित्ररूपात असतात, त्यांत आडनाव टाकून शोध लागत नाही. डोळ्यांनी वाचावं लागतं. सगळा जिल्हा वाचायचं मनात आणू नका. तिसऱ्या पायरीत आडनाव सापडलं त्या गावांचे आणि जवळच्या बाजारगावांचे भाग तेवढे वाचा.

माणसं आणि घरं वेगवेगळी मोजा. यादीत सासरी आलेल्या सुना या आडनावाखाली असतात आणि लग्न होऊन गेलेल्या लेकी नसतात, म्हणजे माणसांचा आकडा रक्ताच्या नात्याचा नसतो. घर क्रमांकावरून काढलेला घरांचा आकडा जास्त भरवशाचा. अठरा वर्षांखालची मुलं यादीत नसतात. अंदाजे लोकसंख्या हवी असेल तर मतदारांच्या आकड्याला १.४ ने गुणा: ८४ मतदार असतील तर सुमारे ११८ माणसं. हा अंदाज आहे, तेव्हा त्याच्यापुढे 'सुमारे' लिहायचं विसरू नका.

जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली २५,८६,२५८ होती. म्हणजे एखाद्या आडनावाची अडीचशे माणसं असतील, तर ते दर दहा हजारांत एक इतकं विरळ झालं. अमेरिकेचं जनगणना खातं आडनावांच्या यादीत किमान शंभर वेळा आलेलीच आडनावं छापतं. तो दंडक इथे लावला तर वऱ्हाडातली कितीतरी आडनावं यादीच्या उंबरठ्यावरच राहतील.

पायरी ५: नकाशावर टाका आणि घाट बघा

ज्या गावांत आडनाव आहे त्यांवर ठिपके द्या, आणि प्रमाण जास्त तिथे ठिपका मोठा करा. मग नकाशावर अजिंठ्याच्या डोंगररांगेची रेघ ओढा. बुलढाण्याचा माणूस 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असा भेद करतो, तो आडनावांतही दिसतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा वर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेचा सपाट काळ्या मातीचा पट्टा खाली. मोताळ्याची गावं उताराला लागून.

ठिपके एकाच बाजूला गोळा झाले असतील तर उगम त्या बाजूला, किंवा त्या बाजूच्या सीमेपलीकडे. घाटावर सीमेच्या कडेला असतील तर जालन्याकडे बघा, उत्तर-पश्चिमेला असतील तर खानदेश आणि बऱ्हाणपूरकडे, पूर्वेला असतील तर अकोला-वाशिमकडे. ठिपके रेल्वेच्या रुळावर, म्हणजे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असे एका ओळीत पडले, तर घराणं बहुधा कापसाच्या व्यापाराबरोबर किंवा मजुरीसाठी आलेलं. जलंबहून खामगावला जाणारा फाटा १८७० साली सुरू झाला. खामगावची कापसाची बाजारपेठ तेव्हा नावाजलेली होती.

ठिपके विखुरलेले आणि कुठेच दाटी नाही, असंही होतं. तेव्हा दुष्काळ आठवा. १९०१ च्या शिरगणतीत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली, आणि दहा वर्षांत ती १२ टक्क्यांनी घटली होती. मध्ये १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ होऊन गेले. माणसं मेली, घरं उठली, गावं बदलली. त्या दशकात उठलेल्या घराण्याचा नकाशा विस्कटलेलाच असणार. त्याला मुळाच्या गावापर्यंत न्यायला जुने कागद लागतील.

पायरी ६: गावावरून आडनाव असेल तर नेमकं गाव ठरवा

जनगणना पुस्तिकेतली गावांची यादी घ्या आणि आडनावाशी जुळणारी सगळी गावं काढा. एकावर थांबू नका. जळगाव एक खानदेशातलं, एक आपलं जळगाव जामोद. देऊळगाव राजा, देऊळगाव मही आणि देऊळगाव साकर्शा ही तिन्ही याच जिल्ह्यात. पिंपळगाव राजा, पिंपळगाव सराई, पिंपळगाव काळे हीसुद्धा. मलकापूर तर कराडजवळ आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यातही आहे. अशा गावावरून आडनाव पडलेलं असेल तर पाचव्या पायरीचा नकाशाच निवाडा देतो: ज्या गावाभोवती ठिपके दाटले, ते गाव.

एक बारकावा इथे कामाला येतो. गावाचं आडनाव गावात राहणाऱ्याला सहसा पडत नाही. गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर तिथले लोक ते चिकटवतात. तेव्हा दाटी खुद्द त्या गावात नसून पाच-दहा कोसांवर सापडली तर नवल नाही. संग्रामपूर तालुक्यात वानखेड गाव आहे, आणि वानखडे आडनाव ऐकलं की त्या गावाची आठवण होते. पण वानखडे अमरावतीपर्यंत आणि त्यापलीकडेही भरपूर आहेत, अनेक जातींत आहेत. इतक्या पसरलेल्या आडनावाला एका गावात बांधणं धाडसाचं. पन्नास घरांच्या आडनावाला बांधणं मात्र शक्य असतं. दुर्मिळ असण्याचा हा एक फायदा.

यादीतली उजाड गावंही पाहा. वऱ्हाडात अशी कितीतरी गावं आहेत जिथे वस्ती उरली नाही, पण महसुली नाव, शिवार आणि सातबारा आहे. आडनावाशी जुळणारं गाव आज नकाशावर दिसत नाही म्हणून ते नव्हतंच, असं ठरवू नका. उजाड शिवारात जमीन कोणाची होती, हे शेजारच्या गावात विचारलं तर सांगणारे भेटतात.

पायरी ७: जुन्या कागदांत उतरा, पण जुना तालुका धरून

इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण ते आजच्या तालुक्यात जुना कागद शोधतात. १९०५ नंतर बराच काळ जिल्ह्यात पाचच तालुके होते. म्हणून हा तक्ता वहीत लिहून ठेवा:

सिंदखेड राजा, लोणार: जुना तालुका मेहकर.
देऊळगाव राजा: जुना तालुका चिखली.
मोताळा, नांदुरा: जुना तालुका मलकापूर.
शेगाव: जुना तालुका खामगाव.
संग्रामपूर: जुना तालुका जळगाव.

आणि खामगाव-जळगाव हे दोन तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. घाटाखालच्या पूर्व भागातल्या घराण्याला एकोणिसाव्या शतकातला कागद बुलढाण्यात मिळाला नाही, तर अकोला जिल्ह्याचं दप्तर बघायला हवं. सीमेपलीकडे जालन्याकडचा मुलूख निजामाच्या राज्यातला, तिथले जुने कागद उर्दूत आणि मोडीत. शिवाय जालना जिल्हा १९८१ सालीच झाला, त्याआधीच्या नोंदी बहुतांशी औरंगाबादच्या नावावर.

कागद या क्रमाने मागा. पहिला, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर: गावच्या जुन्या जिल्हा परिषद शाळेत असतं, त्यात आडनाव, जात आणि बापाचं नाव एकाच ओळीत मिळतं. दुसरा, अधिकार अभिलेख, विदर्भात १९५४-५५ चा: जमिनीच्या हक्काची ही नोंद सातबाऱ्याला मागे नेते. तिसरा, कोतवाल बुक: जन्म-मृत्यूच्या गावपातळीवरच्या नोंदी, ज्यांच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून निघतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधीच्या पिढ्यांसाठी वऱ्हाडात कोतवाल बुकासारखा आधार नाही. चौथा, दुय्यम निबंधकाकडची जुनी खरेदीखतं आणि गहाणखतं. यांत चतुःसीमा लिहिलेल्या असतात, आणि चतुःसीमेत शेजाऱ्यांची नावं. आपल्या घराण्याचा कागद नसला तरी शेजाऱ्याच्या कागदात आपलं नाव निघतं.

कोतवाल बुकात अनेकदा आडनाव नसतंच. 'अमक्याला मुलगा झाला', पुढे जात, एवढंच. तेव्हा आडनाव शोधत बसू नका. बापाचं नाव, गाव आणि साल धरा आणि त्याच नावाचा खातेदार त्याच सुमाराच्या जमिनीच्या कागदात शोधा. दोन्ही जुळले की आडनाव एक पिढी मागे सरकलं.

२०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीमुळे कुणबी नोंदींसाठी हेच कागद मोठ्या प्रमाणावर तपासले आणि स्कॅन केले गेले, आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ते चढले. तुमचा शोध जातीच्या दाखल्यासाठी नसला तरी ते स्कॅन उपयोगाचे आहेत. मोडी वाचता येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, आणि तो वाचेल तसं अक्षरशः उतरवा; त्याने सुधारून सांगितलेलं आडनाव लिहू नका.

आडनाव अलीकडे बदललं असेल, तर महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नाव बदलल्याच्या जाहिराती असतात. जुनं आणि नवं आडनाव तिथे शेजारीशेजारी सापडतं.

पायरी ८: देवाधर्माच्या वह्या आणि कुळाचार

नाशिक-त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, हरिद्वार, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळीच्या वह्या असतात. कुठल्या उपाध्यायाकडे कोणता मुलूख, कोणतं आडनाव, हे ठरलेलं असतं. जाताना आजच्या गावाबरोबर सहाव्या पायरीत काढलेली संशयित गावंही सांगा. पूर्वजाने तेव्हाच्या गावाचं नाव लिहवलं असेल. नोंदीखालची सही आणि साल तपासा. नंतर कुणी एका हाताने उतरवून काढलेली वही आणि पूर्वजाने स्वतः लिहवलेली वही यांचं मोल सारखं नाही.

कुळदैवत विचारा. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडोबा, चिखलीची रेणुका, देऊळगाव राजाचा बालाजी: कुळदैवत जितकं स्थानिक तितका धागा नेमका. तुळजाभवानी महाराष्ट्रभर घरोघरी आहे, तिच्यावरून गाव ठरत नाही. पण जत्रेचा मान, जावळं काढायचं ठिकाण किंवा मूळ देव्हारा एखाद्या आडगावात असेल, तर ते गाव नकाशावर ठळक करा. देवक एकच आणि सोयरीक होत नाही, असं दोन आडनावांमध्ये असेल, तर ती दोन्ही एका मुळाची असण्याचा संशय घ्यायला जागा आहे.

पायरी ९: आता गोष्ट ऐका

घराण्यातली कहाणी इथवर बाजूला ठेवली होती, ती आता आकड्यांशी भिडवा. प्रत्येक कहाणीला तीन प्रश्न विचारा: ती सांगते त्या गावात आडनाव आहे का? ती सांगते त्या काळाच्या आसपासचा एक तरी कागद आहे का? आणि तीच कहाणी दुसऱ्या आडनावाचे लोकही सांगतात का?

सिंदखेडच्या जाधवांची कहाणी या कसोटीला उतरते, कारण तिच्यामागे गावं उभी आहेत. लखुजी जाधव १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात मारले गेले, पण सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा अशी 'राजा' लागलेली गावं त्या घराण्याच्या शाखांची खूण मिरवत आजही एकाच टापूत आहेत. तुमची कहाणी लखुजीराजांच्या फौजेची असेल आणि ठिपके मात्र सगळे पूर्णेकाठी असतील, तर कहाणीला पुरावा अजून मिळायचा आहे, एवढंच लिहा.

'आम्ही इतके कमी कसे उरलो' याचंही उत्तर प्रत्येक वेळी लढाईत किंवा साथीत शोधू नये. फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४ साली गणित मांडून दाखवलं, की काही आपत्ती न येताही आडनावं विझत जातात. आडनाव मुलग्यांतून पुढे जातं; एखाद्या पिढीत एका शाखेला फक्त मुली झाल्या की ती शाखा आडनावापुरती संपते. थोडक्या घरांच्या आडनावाला हा धोका मोठा. म्हणजे दुर्मिळ आडनाव हे खूप प्राचीन किंवा खूप वीर घराण्याचं असलंच पाहिजे असं नाही. ते नवं असू शकतं किंवा नुसत्या योगायोगाने आटलेलं असू शकतं.

जनुकीय चाचणीचा मोह होईल. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांचं गुणसूत्र तपासलं, तेव्हा जवळपास निम्म्या जणांत एकच खूण सापडली. पण इंग्लंडमधली आडनावं मध्ययुगापासून वडिलांकडून मुलाकडे आली आहेत. आपल्याकडे अनेक घरांत आडनाव कागदावर स्थिर झालं ते शाळा आणि महसुली दप्तरामुळे. चाचणी करायचीच तर नवव्या पायरीनंतर, दोन शाखा एक आहेत का एवढ्याच प्रश्नासाठी.

पायरी १०: निष्कर्ष लिहा आणि जपून वाटा

निष्कर्षाचं पान एकच असावं. त्यात आडनावाची रूपं, गट, मोजणीची तारीख, किती गावं पाहिली, किती घरं सापडली, अंदाजे किती माणसं, दाटीचं गाव, सर्वांत जुनी नोंद कोणत्या सालची आणि कोणत्या कागदातली, एवढं हवं. प्रत्येक विधानापुढे 'पक्कं', 'संभवतं' किंवा 'ऐकीव' यांपैकी एक शब्द लिहा. न पाहिलेल्या तालुक्यांची नावंही लिहा, म्हणजे पुढचा माणूस तिथून सुरू करेल. इंग्लंडमध्ये एकेका आडनावाचा असा अभ्यास करणाऱ्यांनी १९७९ साली आपला संघ स्थापला. एकाची वही दुसऱ्याच्या कामी यावी, हाच त्याचा उपयोग.

जिवंत माणसांची नावं, गट नंबर, मोबाईल नंबर असलेली यादी व्हॉट्सॲपवर टाकू नका. मोजणीसाठी ती लागली, वाटण्यासाठी आकडे पुरेत. जमिनीचे वाद आणि सोयरिकीच्या चौकशा अशाच याद्यांवरून पेटतात. निष्कर्षाचं पान आणि जुन्या कागदांच्या नकला मात्र गावच्या शाळेत किंवा वाचनालयात एक प्रत म्हणून ठेवा.

वहीची मांडणी उलटी होऊ देऊ नका. पहिल्या पानावर गाव, साल आणि आकडा. पूर्वजांची कहाणी शेवटच्या पानावर, आणि तिच्यापुढे सांगणाऱ्याचं नाव व 'ऐकीव' हा शब्द.